भटूआप्पा आणि विलायतेचा पेपर

भटूआप्पा चहा प्यायच्या आधी पेपर ऐकायचे, आणि बातमीत गावाचं नाव नसेल तर चहाला हात लावायचे नाहीत.

परमुलखातल्या भेस्तान या यंत्रमागांच्या वस्तीत, आमच्या गल्लीत ते समोरच राहायचे. मूळचे खानदेशातले. उभा जन्म मागावर तुटलेले धागे सांधण्यात गेलेला. आता मागावर मुलगा जायचा आणि आप्पा माझ्या मागे लागायचे. मी वऱ्हाडातला, हजिऱ्याच्या एका कारखान्यात कारकून. सकाळी माझी बसची घाई आणि हे ओट्यावर हजर. जगात कुठंही शेतकरी रस्त्यावर आले की ती बातमी आधी वाचायची. मग ठरलेला सवाल, "गावनं नाव छापेल शे का?" नाही म्हटलं की कप बाजूला. "मंग कोनी देखं?" म्हणजे, मग पाहिलं कुणी? बायको मला म्हणायची, एखादं नाव ठोकून द्या ना, माझा चहा तरी वाया जाणार नाही. एकदा दिलं ठोकून. आप्पांनी त्या गावाला नदी कोणती ते विचारलं आणि मी बस गाठायला पळालो.

या खुळाचं मूळ बेचाळीस सालात होतं. तिकडे महायुद्ध पेटलेलं, इकडे आप्पांच्या गावच्या शेतकऱ्यांनी कचेरीवर मोर्चा नेला. गोळीबार झाला. थोरला भाऊ सुपडू त्यात गेला. प्रेतंसुद्धा पोलिसांनी परस्पर जाळली. इथल्या पेपरांची तोंडं सरकारनं बांधलेली, त्यामुळे कुठं अवाक्षर नाही. पण विलायतेच्या पेपरात आलंय, असं गावात कोणीतरी बोललं. झालं! पन्नास वर्षं आप्पा त्या पेपराची वाट बघत होते.

आमच्या कारखान्यात एक इंग्रज इंजिनिअर आला होता. बिचारा साधा माणूस. मी भीत भीत त्याच्या कानावर घातलं, आणि काय सांगू, सुट्टीवरून येताना त्यानं आपल्या गावच्या लायब्ररीतून त्या बातमीची झेरॉक्स आणली. कोण कुठले आप्पा, कोण कुठला तो! मला अगदी भरून आलं.

आप्पांनी धुतलेली टोपी घातली, गल्ली गोळा केली, शेव-बुंदी वाटली, तीही बातमी ऐकायच्या आधीच. मी मात्र बसमध्येच ती वाचली होती, त्यामुळे माझी शेव-बुंदी बाजूला ठेवली.

मी मराठीतून सांगू लागलो. पश्चिम खानदेशातल्या एका खेड्यात जपानला फितूर झालेल्या दंगलखोरांनी... आप्पांनी हात वर केला. ज्यानं धुळंसुद्धा धड पाहिलं नव्हतं तो सुपडू जपानला कधी जाऊन आला, असं त्यांनी गल्लीलाच विचारलं. गल्ली हसली. मग तोच सवाल आला.

"नाही आप्पा. 'एक खेडं' एवढंच आहे."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी घाईघाईनं शेवटची ओळ वाचली. बातमी लिहिणाऱ्या साहेबानं मेलेल्यांत एक तरुण पाहिला होता, त्याच्या कमरेला फडक्यात भाकरी बांधलेली होती, तिला हातही लागला नव्हता.

आमच्याकडे भाकरी बांधल्याशिवाय घराबाहेर पडतो कोण, तो कुणाचाही पोरगा असेल, असं आप्पाच म्हणाले. मग म्हणाले, "पन सायेबनी भाकर देखी." आणि सगळ्यांदेखत रडले.

दुसऱ्या दिवशी सुनेकडून आमच्या इंजिनिअर साहेबासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्या हाती आला. साहेबानं नाक-डोळे पुसत, पाणी पीत, पण मोठ्या मानानं ते जेवण केलं. संध्याकाळी पाहतो तर आप्पा बसथांब्यावर उभे. साहेबानं तुमचे आभार मानलेत, असं मी सांगू लागलो, तर त्यांचं लक्षच नव्हतं.

"पुरी खादी ना?"

"पूर्ण खाल्ली, आप्पा."

"चांगलं व्हयनं," ते म्हणाले. "मना भाऊनी तशीच ऱ्हाई गयती."