नळ काढायला आलेला पाहुणा

प्लंबरला काम तसं साधं होतं. चर्चच्या तळघरात उतरायचं, तिथल्या एकुलत्या एका बाथरूममधल्या दोन्ही तोट्या काढायच्या, पाईपांना बूच मारायचं आणि पिशवी उचलून घरी जायचं. चर्च कमिटीच्या अध्यक्षांनी त्याला फोनवर तसं समजावून सांगितलं होतं.

"गाजावाजा करू नकोस," अध्यक्ष म्हणाले, "पण लपवाछपवीही नको. हे चर्चचं काम आहे. कोणी विचारलं तर खरं काय ते सांगून टाक."

"आणि नाही विचारलं तर?"

"अरे, विचारल्याशिवाय राहतंय का कोणी!"

इथंच अध्यक्षांचं गणित चुकलं. ते दर रविवारी वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बसत. खाली तळघरात काय चालतं, याची त्यांची सगळी माहिती कानांवर आलेली, आणि थोडीफार नाकाला आलेली.

तळघरात मंगळवारी आणि शुक्रवारी माणसं आंघोळीला येत. फूटपाथवर झोपणारी, तुरुंगातून सुटल्यावर घरच्यांनी दार न उघडलेली, दारू सोडलेली, दारू सोडायच्या विचारात असलेली, आणि ज्यांना पाहून लोक रस्ता ओलांडून पलीकडून जातात अशी. चर्चच्या पाळकांनी एका रविवारी भर उपासनेत जाहीर केलं होतं की इथं सगळ्यांचं स्वागत आहे. वरच्या सभासदांनी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं होतं. सगळे म्हणजे अगदी सगळेच, हे त्यांना नंतर कळलं. आता पाळकांना तोंडावर नाही कोण म्हणणार? त्यापेक्षा नळच काढावेत असं कमिटीनं ठरवलं. पाणी नाही म्हणजे आंघोळ नाही, आंघोळ नाही म्हणजे गर्दी नाही, आणि कोणी कोणाला हाकललं असंही नाही. साप मरावा आणि काठी हातात घेतल्याचं कोणाला दिसूही नये, असा सगळा मामला होता.

प्लंबरची मात्र एक सवय होती. पाणी तोडायच्या आधी तो घरातल्या माणसांना सांगायचा, "पाणी बंद करतोय हो, भरून घ्या." अंगाला साबण लावून बसलेल्या माणसाचं पाणी तोडणं म्हणजे त्याच्या लेखी पापच होतं. तेव्हा आधी सांगायचं आणि मग पाना हातात घ्यायचा, असं ठरवून तो मंगळवारी सकाळी तळघराच्या पायऱ्या उतरला.

दारातच बाई भेटल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तळघराचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, आणि त्यांचा एक नियम होता. येणाऱ्याला काहीही विचारायचं नाही. कोण, कुठला, कशाला आलास, काही नाही. एकदा त्यांच्या मदतनिसानं एका माणसाला दारातच 'काय काम आहे?' म्हणून विचारलं होतं. 'काही नाही' म्हणून तो माणूस जो गेला, तो परत आलाच नाही. बाईंच्या ते फार मनाला लागलं होतं. तेव्हापासून कोणी स्वतःहून सांगायला लागला, तरी बाई त्याला सांगू देत नसत.

"नमस्कार, मी ते आपलं..." प्लंबरनं सुरुवात केली.

"या, या. आत या."

"नाही, मला तुमचं बाथरूम..."

"मिळेल ना. नंबर लागेल तुमचा. घाई कसली?"

"तसं नाही हो. मला अध्यक्षांनी पाठवलंय."

"कोणी पाठवलं ते आम्हाला लागत नाही," बाई म्हणाल्या. "आलात ना? झालं तर मग. बसा."

मुख्याध्यापिकेनं 'बसा' म्हटल्यावर माणूस बसतो. प्लंबरही बसला. बसल्यावर आजूबाजूला पाहिलं, तर समोर कपाटापाशी टॉवेलवाली ताई उभी. उंचीपुरी, आवाज जाडा, नखांना लालभडक रंग. ताईचा जन्म मुलगा म्हणून झाला होता, पुढचं सगळं तिनं स्वतः ठरवलं होतं. टॉवेल, साबण आणि लोकांची गाठोडी हे तिचं खातं. आंघोळीला जाताना माणसाचा जीव गाठोड्यात अडकतो, म्हणून ती ते कपाटात ठेवून कुलूप लावायची आणि किल्ली गळ्यात घालायची.

"आणा दादा पिशवी," ताई म्हणाली. "अगं बाई, केवढी जड! काय भरलंय काय?"

"पाने आहेत. मी प्लंब..."

"असू देत, असू देत. इथं कोणी कोणाचं गाठोडं उघडत नाही. ज्याचं त्यानं मागितलं तरच निघतं." आणि खाडकन कुलूप लागलं. पाने आत गेले, आणि फोनही त्यातच होता.

प्लंबरनं विचार केला, चला, निदान तोट्या तरी पाहून घेऊ. तेवढ्यात त्याच्या हातात टॉवेल आणि साबण आला, पाठीवर एक हात आला आणि तो बाथरूमच्या आत गेला. मागे कोणीतरी दार ओढून घेतलं.

तोट्या जुन्याच होत्या. तो वाकून न्याहाळू लागला. बाहेरून आवाज आला, "दादा, पाण्याचा आवाज येत नाहीये! लाजू नका!"

"पाहतोय!" तो आतून ओरडला.

"पाहायचं काय त्यात? सोडा पाणी!"

लोकांचं समाधान व्हावं म्हणून त्यानं तोटी जराशी फिरवली. तिचा आटा गेलेला. ती जी उलटी उडाली, ती त्याला नखशिखान्त भिजवूनच थांबली. आता भिजलोच आहोत तर, असं म्हणून त्यानं कपडे काढून दारावर टाकले आणि सरळ आंघोळ केली. पाणी कढत होतं. घरी त्याची आंघोळ म्हणजे दोन तांबे अंगावर घेऊन पळायचं. इतकी सावकाश आंघोळ त्यानं कित्येक वर्षांत केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं.

टॉवेल गुंडाळून त्यानं दारावर हात घातला, तर कपडे गायब.

"धुवायला टाकले!" ताईनं बाहेरून सांगितलं. "केवढं वंगण हो त्यांना! हे घाला तोवर." दारावरून एक शर्ट, एक पँट आणि एक तपकिरी कोट आत आला. कोट उंची होता, आतून अस्तर होतं. प्लंबरनं आयुष्यात कोट घातला नव्हता. थंडी वाजत होती म्हणून घातला.

बाहेर पडतो न पडतो तोच न्हाव्यानं त्याला खुर्चीत बसवलं. हा न्हावी हजामत तुरुंगात शिकला होता.

"कसे कापू?" त्यानं अदबीनं विचारलं. तेवढ्या एका प्रश्नाला बाईंनी परवानगी दिलेली होती.

"अगदी थोडेसे. बाजूचे फक्त."

न्हाव्यानं मान डोलावली आणि मशीन कपाळापासून मानेपर्यंत सरळ फिरवलं. विचारायचं ते सगळ्यांना विचारी, पण त्याला कापता एकच प्रकार येत होता. प्लंबरचा गोटा होऊन गेला.

या सगळ्यात प्लंबरच्या मनाला एकच गोष्ट खात होती. अध्यक्षांच्या तीन इमारती होत्या आणि तिथले सगळे नळ त्याच्याकडे होते. हे काम झालं नाही तर तीन इमारती हातच्या जातील. सांगायला तर हवंच. शेवटी खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं टॉवेल झटकणाऱ्या ताईकडे आडून विषय काढला.

"ताई, समजा हे बाथरूम बंद झालं, तर कसं कराल?"

"का हो? पाणी गार लागलं का?"

"नाही हो, पाणी मस्त आहे. पण समजा झालंच बंद. गावात सार्वजनिक बाथरूमं आहेत की."

"आहेत ना," ताई टॉवेलाची घडी घालत म्हणाली. "त्यांच्यावर पाट्या आहेत. पुरुषांच्यात गेले तर पुरुष हसतात, मग हसायचे थांबतात, ते त्याहून वाईट. बायकांच्यात गेले तर बायका किंचाळतात. त्यांचंही काय चुकलं म्हणा. इथं पाटी नाही, नुसती कडी आहे. आत जायचं, कडी लावायची, आंघोळ करायची. बाहेर कोण उभं आहे ते बघावं लागत नाही." तिनं दुसरा टॉवेल उचलला. "आता पुढच्या आठवड्यापासून मला एका लाँड्रीत काम लागतंय. मालकीण म्हणाली, रोज स्वच्छ होऊन ये, बाकी मला काही पडलेलं नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'मग तू रोज येत जा.' बाथरूम कशाला बंद होईल? काहीतरीच तुमचं!"

प्लंबरनं सांगायचं ते तसंच गिळून टाकलं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि अध्यक्षांचा राग आला. अध्यक्षांचा राग ही त्याच्यासाठी नवी गोष्ट होती. आजवर तो त्यांना नुसता भीत होता.

आणि तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. प्लंबर फोन उचलत नाही म्हणून अध्यक्ष स्वतःच येऊन हजर झाले होते. नाकावर रुमाल होता. दोन पायऱ्या उतरल्यावर नुसता साबणाचाच वास येतोय म्हटल्यावर त्यांनी तो जरा नाराजीनं खिशात घातला.

"या, या. बसा," बाई म्हणाल्या.

"बाई, अहो मी अध्यक्ष आहे."

"असू द्या. इथं सगळ्यांचं स्वागत आहे."

"तुम्ही मला चांगलं ओळखता!"

"ओळखते म्हणून काय झालं? बसा."

अध्यक्ष बसले. एका बुटक्या माणसानं कपात चहा ओतून त्यांच्या हातात दिला, त्यामुळे त्यांना उठताही येईना. बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, "इथं एक प्लंबर आला होता का?"

आलेल्याबद्दल इथं कोणी काही सांगत नसे. अध्यक्ष थेट प्लंबरकडेच बघत होते.

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी," अध्यक्ष म्हणाले.

वर्षानुवर्षं त्यांनी प्लंबरला पाहिलं होतं, पण नेहमी पाठमोरा, मोरीखाली अर्धा आत शिरलेला. त्यात आज डोक्यावर केस नव्हते. अध्यक्ष निरखून बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा खुलला.

"चेहरा नाही, कोट! माझ्याकडे अगदी असाच होता. बायकोनं कुठं देऊन टाकला देव जाणे. तुम्हाला छान दिसतो हो."

"थँक्यू साहेब," प्लंबर म्हणाला. साहेबांच्या तोंडून 'तुम्ही' तो आज पहिल्यांदाच ऐकत होता.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि फोन लावला. कपाट वाजायला लागलं.

अध्यक्षांनी फोन बंद केला. कपाट गप्प झालं. पुन्हा लावला. कपाट पुन्हा वाजलं.

"हा इथंच आहे!" अध्यक्ष ताडकन उठले. "उघडा ते कपाट!"

"ज्याचं गाठोडं त्यानं मागितलं तरच उघडतं," ताई गळ्यातली किल्ली मुठीत धरत म्हणाली.

"मग कोणाचं आहे ते?"

"असं विचारत नाहीत इथं."

कपाट वाजतच होतं. एक शब्द बोलला असता तर प्लंबरची पिशवी मिळाली असती, काम मिळालं असतं, तीन इमारती राहिल्या असत्या. त्यानं कोटाच्या खिशात हात घातले.

"साहेब, आला होता तो प्लंबर," तो म्हणाला. "पिशवी ठेवली त्यानं. म्हणाला, साहेबांना सांगा, हे काम माझ्याच्यानं होणार नाही."

"होणार नाही म्हणजे? दोन तोट्या काढायच्यात!"

"तेच म्हणाला तो. तोट्या निघतील म्हणाला, पण माझ्याच्यानं नाही."

अध्यक्षांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "ठीक आहे. गावात काय तो एकटाच आहे? दुसरा पाठवतो," असं म्हणून ते तरातरा पायऱ्या चढून गेले.

त्यांचे बूट वाजायचे थांबले तसा प्लंबर खुर्चीतूनच बाईंकडे वळला. "बाई, तुम्हाला ठाऊक होतं का हो? मी कशाला आलो होतो ते?"

"अहो, एवढा मोठा पाना पिशवीतून डोकं बाहेर काढून बसला होता. न कळायला काय झालं?"

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि एकदा सांगून मोकळे झालात, की मग काम करणं आलंच."

प्लंबर थोडा वेळ डोक्यावरून हात फिरवत राहिला. मग त्याला आठवलं. "पण ते दुसरा पाठवणार आहेत ना!"

"पाठवू देत की." बाईंनी चहावाल्या बुटक्याकडे बोट दाखवलं. "यांना गेल्या महिन्यात वीज तोडायला पाठवलं होतं."

"माझे तर अजून वाढतायत," वायरमन टोपी उचलून डोकं दाखवत म्हणाला आणि त्यानं प्लंबरचा कप भरला.

"नळ झाले, वीज झाली," बाई विचार करत म्हणाल्या. "आता बाकं उचलून न्यायला सुतार पाठवतील बहुतेक. लवकर पाठवला तर बरं होईल हो, दोन बाकं कधीची डुगडुगतायत."