कोणाचो रे तू?

आमच्या परब मॅडम परिच्छेदांशी बोलतात. मनातल्या मनात नाही हं, चांगलं मोठ्यानं, मालवणीत! पडद्यावर एखादा भरकटलेला परिच्छेद दिसला की चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "कोणाचो रे तू?" ओळ असेल तर "कोणाची गो तू?" ओळ स्त्रीलिंगी ना!

अंधेरीत आमचं ऑफिस. छापील पुस्तकांची ई-पुस्तकं करायची, हा आमचा धंदा. ई-पुस्तक म्हणजे पानांचे फोटो नव्हेत. प्रत्येक तुकड्याला खूण लावावी लागते, आम्ही तिला टॅग म्हणतो. हे प्रकरणाचं नाव, हा मथळा, ही तळटीप. आपण अक्षरं वाचतो, फोन या खुणा वाचतो. नवीन आलेली मंडळी काय करतात, तर अक्षर मोठं आणि ठळक करतात नि म्हणतात, झाला मथळा! मॅडम उसळतात. "मोठ्यानं बोलला म्हणून घरातला कर्ता झाला काय रे?"

घरीही तेच. त्या नाहूरला राहतात. सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी 'सत्यनारायणाची पूजा' असा मथळा लिहिला, खाली वेळ आणि लगेच त्याखाली 'टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही'. बाईंनी खडू घेतला आणि मध्ये 'पाणी' असा वेगळा मथळा घुसवला.

"अहो, लोकांना कळतं!" सेक्रेटरी म्हणाले.

"लोकांना कळतं हो. पण पाणी पोरकं झालं ना!"

डोकं फिरतं कधी कधी, खोटं कशाला बोलू? पण मध्ये एक जाडजूड कादंबरी आमच्याकडे आली. संध्याकाळी फाइल प्रकाशकाकडे जायची होती आणि दिसतही होती झकास. मॅडमनी नेहमीप्रमाणे ती फोनला मोठ्यानं वाचायला लावली. पानावर होतं, 'आजी २५ वर्षांची होती.' फोन म्हणाला, "आजी पच्चीस वर्षांची होती." पुढे ज्ञानूचा झाला ग्यानू. सगळं ऑफिस फिस्सकन हसलं. झालं होतं असं, की सॉफ्टवेअरनं देवनागरी लिपी बघितली आणि अख्ख्या पुस्तकाला भाषेची खूण लावली ती हिंदीची. अक्षरं तीच, त्यामुळे डोळ्यांना पत्ताच नाही.

"सगळीकडे मराठी करून टाकू, विषय संपला," मी म्हटलं.

"आणि मिश्राजी गं?"

वाट लागली! त्या कादंबरीतले शेजारी मिश्राजी पानोपानी हिंदी बोलतात. म्हणजे एकेक वाक्य बघून वेगळं करणं आलं.

आमचे साहेब, देसाई सर, केबिनमधून बाहेर आले. "मॅडम, जाऊ द्या ना आता. दिसायला काही फरक आहे का? आज फाइल गेली नाही तर पुढची पुस्तकं दुसरीकडे जातील. आणि ऐकतंय कोण?"

"माझे बाबा ऐकतात, सर," मॅडम म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही. त्यांच्याकडे पुस्तक म्हणून हा आवाजच आहे. ही फाइल अशी जाणार नाही."

सरांनी प्रकाशकाला फोन लावला, चार शब्द ऐकून घेतले आणि दुसऱ्या दुपारपर्यंतची मुदत मागितली. आम्ही प्रकरणं वाटून घेतली. मग काय, ऑफिसभर एकच गलका. "कोणाचो रे तू? मराठीचो? हय बस! तू हिंदीचो? थय जा!" मालवणीचा गंध नसलेला आमचा गुजराती अकाउंटंटसुद्धा सुरू झाला. दुसऱ्या दुपारी फाइल गेली, पुढची पुस्तकंही आमच्याकडेच राहिली. काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी नातेवाइकांना फोन करून माझं काम काय असतं ते सांगितलं.

पुस्तक आल्यावर एका रविवारी मी मॅडमकडे नाहूरला गेले. दार उघडंच होतं. खुर्चीत त्यांचे बाबा, कानाशी फोन. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली.

"कोणाची गो तू?"

मला हसूच फुटलं. म्हणजे हे इथून आलंय तर! मी नाव सांगितलं, मॅडमच्या ऑफिसातली म्हटलं.

"बस, बस. ह्या आयक." त्यांनी फोन पुढे धरला. आजी पंचवीस वर्षांची होती. "आयकलंस? पंचवीस! आधीची पुस्तकां नुसती पच्चीस-पच्चीस करीत. ह्या ज्येनी केल्यान ना, तो शाणो माणूस."

मी स्वयंपाकघरात डोकावले. मॅडम चहा गाळत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"सांगितलंच नाही गं कधी," त्या कुजबुजल्या. "त्यांना वाटतं मी टायपिंग करते. कळलं तर चुका काढायचे बंद होतील ना."

पण माझ्या पोटात कधी काही राहिलंय? बाहेर येऊन मी सांगूनच टाकलं, "काका, तो नाही, ती. तुमच्याच घरातली."

बाबांनी फोन बंद करून मांडीवर ठेवला. बराच वेळ त्यावर हात फिरवत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं तोंड करून त्यांनी हाक मारली.

"शुभा, कोणाची गो तू?"

आत चहाची धार थांबली.

"तुमचीच, बाबा."