धुळा आणि काळजाचं बटन

नवसाच्या कंदुरीचं बकरं कापताना माझा धाकटा दीर धुळा तिथं येऊ नये, असं आमच्या पाटोद्याकडं सगळ्यांना वाटतं. आला की तो काळीज मागून घेतो, तळहातावर पालथं घालतो आणि बोलायला लागतो. इकडं चूल पेटलेली, मसाला वाटलेला, पोरं भुकेली. ह्याचं आपलं चालूच.

"हे बघा, ह्याच्यात बटनं असत्यात. खाल्लं की चरबी साठवायचं बटन चालू. उपाशी ऱ्हायलं की ते बंद, जाळायचं चालू. एखाद्याचं जल्मापासूनच नीट बंद होत न्हाई. मग माणूस काटकुळं का असंना, काळजात चरबी साठतीच. दारू लागत न्हाई त्याला!"

"धुळाभाऊ, आमचं जाळायचं कवाच चालू झालंय. आणा ते काळीज इकडं!" कुणीतरी चुलीपासून ओरडतं.

लोक हसतात. धुळा हसत नाही. "दारू लागत न्हाई," असं परत म्हणतो.

धुळा मेंढ्यांमागं वाढला, शाळेत कधी गेला नाही. ही विद्या बीडच्या डॉक्टरची. त्याच्या पोरीचं पोट दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरला, म्हणजे काळजालाच, चरबी निघाली. पोरगी म्हणजे वाळलेली काडी. "ती पीत न्हाई वो," धुळा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, न पिताही होतं. लिव्हरमधली जनुकं चरबीचा कारभार बघतात, बटनासारखी. कुणाकुणाच्या घराण्यातच तो बिघडलेला असतो. हिच्या आईला होतं का काही?

धुळा तिथंच खाली बसला.

त्याची बायको सखू पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेली. गाव म्हणालं, चोरून पीत असंल. गावाचं सोडा. तिच्या तेराव्याला ह्या मूर्खानं चार माणसांत मेहुण्याला सांगितलं, "तुमची बहीण पीत व्हती." तेव्हापासून ते घर तुटलं.

यंदा चौसाळ्याला त्याच मेहुण्याकडं कंदुरी होती. बोलावणं मला होतं, धुळाला नव्हतं. तरी माझ्यामागं आला. काळीज हातात घेतलं. मी म्हटलं, झालं, आता भाषण. पण तो मेहुण्याकडं वळला.

"सखू पीत नव्हती," एवढंच म्हणाला.

मेहुणा चुलीत लाकूड सारत होता. त्यानं मान वर केली नाही. "आमाला म्हाईत व्हतं, दाजी. संसार तुमी केला. तुमाला कावून म्हाईत नव्हतं?"

धुळानं काळीज परातीत ठेवलं, हात धुतले आणि न जेवता रस्त्याला लागला. कुणी थांब म्हटलं नाही. मीही नाही.