दुसऱ्या रांगेतलं चौथं घर

आपल्याला बोलण्यात कुणी पकडू शकत नाही, असं लाउ सुई-हिंग यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं.

"अगं, तीन साहेब आणि एक दुभाष्या! चार दिवस मला उलटसुलट सोलत होते त्या बेटावर! एक शब्द चुकलो नाही! ही पोरगी म्हणजे काय!" इस्त्री आपटत ते बायकोला, यूक-लानला म्हणाले.

पोरगी म्हणजे डोरीन क्वाँग. विद्यापीठातल्या पोरांनी संप करून 'वांशिक अभ्यास' नावाचा नवा विभाग उघडायला लावला होता. त्या विभागातर्फे डोरीन खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून चायनाटाउनमधल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करत हिंडत होती. आज लाँड्रीवाल्या लाउंचा नंबर होता.

"धोब्याच्या आठवणी कुणाला हव्यात?" लाउ कुजबुजले. "घरादाराची चौकशी करतं ते सरकार! आता सरकारनं केस मोकळे सोडलेली पोरगी पाठवली, एवढाच फरक!"

"संत्री घेऊन आलीय बिचारी," यूक-लान म्हणाली.

"बघ! लालूच!"

या संशयाला कारण होतं. लाउ सुई-हिंग हे लाउ नव्हतेच! ते मा घराण्यातले. पण त्या काळी चिन्यांना अमेरिकेत शिरायला कायद्यानं बंदी होती. इथल्या एखाद्या नागरिकाचा मुलगा असाल तर गोष्ट वेगळी. म्हणून त्यांच्या वडिलांनी हाँगकाँगच्या एका दलालाकडून कुणा लाउ नावाच्या नागरिकाचा कागदोपत्री मुलगा होण्याचा हक्क विकत घेतला. सोबत त्या मुलाच्या गावाघराबद्दल सत्तावीस पानांची प्रश्नोत्तरं! किनाऱ्याजवळच्या बेटावर साहेब चौकशीत हेच विचारायचे, म्हणून ती बोटीवर पाठ करायची आणि किनारा दिसला की समुद्रात फेकायची. पानं तेव्हाच बुडाली, पण उत्तरं बेचाळीस वर्षांत जागची हलली नव्हती. हे उघडकीला आलं असतं तर लाँड्री, नागरिकत्व, सगळ्यावर पाणी पडलं असतं.

डोरीननं मशीन सुरू केलं. "काका, तुमच्या गावाबद्दल सांगा ना. काहीही."

"दुसरी रांग, चौथं घर! दार पूर्वेला! विहीर ऐंशी पावलांवर! कोंबड्या पाच, त्यातली एक लंगडी! घरात घड्याळ नाही!"

"घड्याळाचं मी विचारलं नव्हतं, काका."

"विचारशील!"

"बरं, लहानपणी तुम्हाला खायला काय आवडायचं?"

लाउंना दरदरून घाम फुटला. हा प्रश्न सत्तावीस पानांत कुठंच नव्हता! पोरगी वाटली त्यापेक्षा पोचलेली निघाली. "तशी नोंद नाही," ते म्हणाले. यूक-लानला चहाचा ठसका लागला.

डोरीन वही चाळत होती. "गंमतच आहे! केस कापणारे सीतो काका पण हेच म्हणाले. दुसरी रांग, चौथं घर. अगदी लंगडी कोंबडीसुद्धा!"

लाउंची पाचावर धारण बसली. सीतो! तीस वर्षं दर रविवारी ज्याच्यासोबत माहजाँग खेळलो तो सीतो! म्हणजे चुगलखोर घरचाच निघाला! एक चप्पल पायात आणि दुसरी तिथंच टाकून ते रस्त्यावर धावले.

सीतोनं एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी केली होती. लाउंनी त्याची गचांडी धरली.

"माझं घर सरकारला सांगतोस?"

"तुझं घर? ते माझं घर आहे!"

"दुसरी रांग, चौथं?"

"दार पूर्वेला!" सीतोचा आवाज एकदम खाली आला. "तू... तू कुणाकडून घेतलंस रे?"

"होता एक. सोन्याचा दात. गालावर मस."

"मेला तोच तो!"

अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक टॉवेलसकट पसार झालं. दोघा मित्रांच्या डोक्यात उजेड पडला. त्या आळशी दलालानं नुसती नावं बदलून एकच घर दोघांना विकलं होतं!

"ही दोन घरं त्या पोरीच्या पुस्तकात शेजारी शेजारी छापून आली तर मेलो आपण," सीतो म्हणाला. "तू तुझं घर बदल."

"मी का? बेचाळीस वर्षं राहतोय मी त्या घरात!"

"मी चव्वेचाळीस! निदान लंगडी कोंबडी तरी सोड!"

"कोंबडी घे, पण विहीर माझी!"

"विहीर मिळायची नाही!"

एवढ्यात खट्ट असा आवाज झाला. दारात डोरीन उभी होती. एका हातात लाउंची चप्पल आणि खांद्यावर टेपरेकॉर्डर. तो तिनं नुकताच बंद केला होता. म्हणजे आतापर्यंत चालूच होता! लाउ मटकन खुर्चीत बसले.

डोरीननं टेपचं चाक काढून त्यांच्या हातात ठेवलं. "हे तुमच्याकडेच ठेवा. आमचं क्वाँग हे आडनावही विकतचंच आहे, काका. आजी उघड सांगते. म्हणून तर मी हा अभ्यास घेतला. तुम्हाला खरं सांगावंसं वाटलं तर मी नाव बदलून छापीन."

"परत?" लाउ ओरडले. "हे तिसरं होईल!"

सीतो खुर्चीचा हात धरून हसायला लागला. लाउंनी मात्र आधी मशीनमधले सेल काढून खिशात टाकले आणि मगच तोंड उघडलं.

"मा कुओंग-यिक," ते म्हणाले. बेचाळीस वर्षांत ते नाव त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. "आई अळकुड्या उकडायची. गरम गरम सोलून हातावर ठेवायची. ते आवडायचं मला."

डोरीन हलक्या आवाजात म्हणाली, "आणि तुमच्या खऱ्या घरापासून विहीर किती लांब होती?"

लाउंनी डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजलं, परत पहिल्यापासून मोजलं. खोटं घर कोंबड्यांसकट समोर येत होतं. खऱ्याचं नुसतं दार दिसत होतं, आणि तेही कुठल्या दिशेला ते कळेना.

"त्या घराचं कुणी कधी विचारलंच नाही," ते शेवटी पुटपुटले.

सीतोनं वस्तरा पुसून ठेवला.

"ऐंशी पावलं लिही गं. त्याला सवय झालीय."