एकेचाळीस निबंधांचं जाहीर वाचन

न्हावऱ्याच्या शाळेपुढं मांडव पडला होता आणि ज्ञानदेव गुरुजी माईकपाशी घसा साफ करत उभे होते. निवृत्त झाल्यापासून गावातला एकही कार्यक्रम त्यांच्या आवाजाशिवाय पार पडत नसे. आजचा सत्कार तर त्यांच्याच विद्यार्थिनीचा होता. वस्तीतली दीक्षा, जिला त्यांनी बाराखडी गिरवायला लावली, ती आता पुण्यात बायकांची मोठी डॉक्टर झाली होती. तिचे एकेचाळीस शोधनिबंध छापून आले होते. त्या नव्याण्णव साली गावात एवढं छापून आलेलं दुसरं कुणी नव्हतं. सरपंच मारुतरावांचं नाव पेपरात दोनदा आलं होतं, पण त्यातलं एकदा दुसऱ्याच माणसाच्या फोटोखाली.

"गुरुजी, यादी वाचू नका. आकडा सांगितलात तरी पुरे," असं दीक्षानं फोनवर बजावलं होतं. पण गुरुजींना नुसत्या आकड्यावर भागवायचं नव्हतं. तिनं धाडलेली इंग्रजी यादी त्यांनी उपकेंद्रातल्या अंजना सिस्टरकडे दिली आणि गावाला कळेल अशा मराठीत करून मागितली. सिस्टर कामात बुडालेली. तिनं कागद आणून दिले ते कार्यक्रम सुरू झाल्यावर, थेट स्टेजवर. गुरुजींनी विश्वासानं चष्मा लावला आणि खड्या आवाजात पहिली ओळ वाचली.

"निबंध पहिला. अंगावरून पांढरं जाणं, चारशे बायकांची पाहणी."

कर्ण्यातून ते वाक्य पार उसाच्या फडापर्यंत गेलं. पुढच्या खुर्च्यांवरचे पुरुष एकदम मांडवाचं छत न्याहाळू लागले. दुसरा निबंध बरा असेल म्हणून गुरुजींनी खालची ओळ धरली, तर तिथं बाळंतपणानंतर अंग बाहेर येणं होतं. तिसऱ्यात पाळीचं कापड निघालं. गावाला कळेल असं हवं म्हणून त्यांनीच सांगितलं होतं आणि सिस्टरनं त्यात काडीची कसूर ठेवली नव्हती.

"असे एकूण एकेचाळीस," म्हणत ते कागदाची घडी घालणार, एवढ्यात मागं सतरंजीवर बसलेल्या बायकांतून सोजराबाई उठल्या. सोजराबाई म्हणजे सरपंचांच्या आई. त्यांच्यापुढं सरपंचसुद्धा आवाज चढवत नसत.

"गुरुजी, ते दुसरं परत वाचा. हिकडं नीट ऐकू न्हाई आलं."

गुरुजींनी परत वाचलं. मग बायकांनी चौथा मागितला, पाचवा मागितला. दहाव्या निबंधापर्यंत निम्म्या पुरुषांना डेअरीला दूध घालायची आठवण झाली. विसाव्याला पुढच्या खुर्च्या मोकळ्या पडल्या आणि बायका सतरंजी सोडून त्यांवर येऊन बसल्या. दीक्षा आधी कपाळाला हात लावून बसली होती. आता ती मधेमधे माईक ओढून घेऊन समजावून सांगत होती. गुरुजींनाही सूर सापडला. ते आता कविता शिकवल्यासारखे थांबून थांबून वाचत होते. अध्यक्ष असल्यामुळे मारुतरावांना मात्र उठता येईना. ते हारातली फुलं मोजत बसले.

एकोणचाळिसावा निबंध आला. "मूल न होणाऱ्या जोडप्यांत नवऱ्याची तपासणी का टाळली जाते."

मांडवातल्या सगळ्या नजरा मारुतरावांकडं वळल्या. मारुतरावांच्या मुलाच्या, सत्यजीतच्या, लग्नाला पाच वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता. सून तेजश्रीचे या पाच वर्षांत तीन डॉक्टर आणि दोन देवऋषी करून झाले होते आणि मारुतराव राहू गावात लेकासाठी दुसरी मुलगी बघून आल्याचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तेजश्री समोरच बसली होती. तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

"दीक्षे, म्हंजी दोष गड्यात बी असतो व्हय?" सोजराबाईंनी विचारलं.

"जवळजवळ निम्म्या वेळा असतो, आजी. तपासणी साधी असते आन् दुखत बी न्हाई," दीक्षा गावाकडच्या बोलीवर आली.

सोजराबाईंनी लेकाकडं पाहिलं, मग खांबाआड उभ्या नातवाकडं. "सत्या, सोमवारच्या पहिल्या गाडीनं पुण्याला जायचं. गुरुजी, वाचलंय तुम्ही, तवा संगं बी तुम्हीच जायचं."

राहिलेले दोन निबंध कुणाच्या कानात शिरले नाहीत.

सोमवारी सकाळी गुरुजी सत्यजीतला घेऊन एसटीत चढले. पोरगं खिडकीला तोंड लावून बसलं. गाडीत गावातले आणखी सहाजण निघाले. एकाला मोटारीचा वायसर आणायचा होता, एकाची मावशी आजारी होती, एकानं तर उपरण्यानं तोंडच गुंडाळलं होतं. वाघोली गेली तरी कुणी कुणाशी बोलेना.

दीक्षाच्या दवाखान्याच्या स्टॉपवर गुरुजी उठले, मागोमाग सत्यजीत उठला. मग वायसरवाला उठला, मावशीवाला उठला, उपरणंही उठलं. खाली सगळे एका रांगेत उभे राहिले आणि एकमेकांकडं न बघता दवाखान्याच्या पायऱ्यांकडं वळले. सत्यजीतच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

गाडी सुटेना म्हणून गुरुजींनी वळून पाहिलं. कंडक्टर घंटीची दोरी तशीच सोडून दारात वाकला होता.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाई किती वाजेस्तोवर असत्यात? माझी ड्युटी दोनला सुटती."