पेट्रोलला पंप नाही

"अहो, आता तरी ते इंजिन बंद करा! लग्न मुलीचं आहे, त्याचं नाही!" दंतवैद्यांची बायको गॅरेजच्या दारातून ओरडली.

"अगं, आवाज ऐक आवाज! एकेक ठोका वेगळा मोजून घे. आजकालच्या गाड्या नुसत्या घोरतात."

उजाडल्यापासून हे ठोके अख्खी गल्ली निमूटपणे मोजत होती. दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची ही उघडी गाडी दंतवैद्यांनी भंगारातून उचलून आणली होती आणि स्वतःच्या हातांनी उभी केली होती. जुन्या रेसच्या गाड्यांना असे, तसा चामडी पट्टा त्यांनी तिच्या बॉनेटवर आवळला होता. कार्ब्युरेटरची बारीक भोकं ते दात कोरायच्या सुयांनी साफ करत. त्या सुया नंतर दवाखान्यात परत जातात का, हे विचारायचं धाडस बायकोला अजून झालं नव्हतं.

नव्या गाड्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "साबणाच्या वड्या! रंग बदलला तरी वडी तीच. नाव वाचल्याशिवाय ओळखून दाखवा." त्यांना स्वतःला तर शेजाऱ्याची गाडीसुद्धा ओळखता येत नसे, आणि याचाही त्यांना अभिमान होता.

आज मात्र वेळेशी गाठ होती. नोंदणी कार्यालय टेकडीच्या माथ्यावर होतं. तिथले अधिकारी बाराला बाहेरगावी निघणार होते आणि त्यानंतर महिनाभर तारीख नव्हती. होणारे जावई बोटीवर वायरमन, त्यांची बोट परवा सुटणार होती. म्हणजे आज चुकलं की लग्न थेट पुढच्या वर्षी. बायकोनं शहाणपणानं टॅक्सी सांगून ठेवली होती आणि दंतवैद्यांनी ती तितक्याच शहाणपणानं रद्द केली होती. लेक या घरातून जाईल तर या गाडीतून, हे त्यांनी ती शाळेत असतानाच ठरवलं होतं.

निघाले एकदाचे. बायको पुढे, नवरी मागे. टेकडीचा पायथा येईपर्यंत दंतवैद्य शीळ घालत होते. चढ सुरू झाला, गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

"काय झालं?" नवरीचा हात घड्याळाकडे गेला.

"काही नाही. रचनाच अशी आहे. टाकी आपल्या सीटखाली, इंजिन पुढे. पेट्रोलला पंप नाही! ते स्वतःच्या वजनानंच वाहतं. केवढी साधी कल्पना! फक्त चढावर इंजिन वर जातं, टाकी खाली राहते. टाकी भरलेली असली तर काही वाटत नाही."

"आणि टाकी का नाही भरलेली?" बायकोनं विचारलं.

दंतवैद्यांनी काचेवरची धूळ पुसली. "सकाळी ठोके मोजले ना आपण."

"आपण नाही, तुम्ही!"

"बाबा, अकरा वाजून गेलेत," नवरी रडकुंडीला आली. पेट्रोल मागे गावात, कार्यालय वर, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. नाही म्हणायला मागे एक पांढरी टॅक्सी तेवढी थांबली होती.

"उपाय आहे," दंतवैद्य म्हणाले. "त्या काळचे लोक हेच करायचे. गाडी फिरवायची आणि चढ उलटा चढायचा. टाकी वर, इंजिन खाली. शिवाय रिव्हर्सचा गिअर सगळ्यात दणकट!"

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला, पण दुसरं सुचत तरी काय होतं? दंतवैद्यांनी ब्रेक सोडून गाडी मागे घरंगळवत फिरवली, हँडल मारून इंजिन जागं केलं आणि मान मागे वळवून ते टेकडी चढू लागले. पांढरी टॅक्सी आता समोरासमोर आली आणि त्यांच्याच चालीनं रांगत राहिली.

"अरे, जा की पुढे!" दंतवैद्य हातवारे करत ओरडले. "कोण आहे हा? जात का नाही?"

"गाडी बघत असेल," बायको घाईघाईनं म्हणाली. "तुम्ही रस्त्याकडे बघा!"

तिकडे माथ्यावर जावई कठड्याशी येरझाऱ्या घालत होते. चढावर ओळखीची गाडी दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच तो पुन्हा वर आला. गाडीची पाठ त्यांच्याकडे होती आणि तोंड गावाकडे! म्हणजे नवरी परत निघाली! तिचे आईबाप खाली बघत नाहीत, वर बघतायत, म्हणजे जाता जाता शेवटचं बघून घेतायत. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस नव्या बुटांसकट उतारावरून पळत सुटला.

"थांब! जाऊ नकोस! काय चुकलं ते सांग तरी!"

"अरे, जात नाहीये मी, येतेय!" नवरी गाडीत उभी राहून ओरडली.

जावई थेट चाकाखालीच येतील म्हणून दंतवैद्यांनी ब्रेक दाबला. इंजिन गप्प झालं. हँडल मारायला पुढे जावं, तर टॅक्सी नाकाला नाक लावून उभी. बारा वाजायला आले होते. दंतवैद्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडला.

"बाळा," ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "तुम्ही सगळे त्या टॅक्सीनं जा. मी गाडी धरून बसतो. ब्रेकचा भरवसा नाही."

नवरीनं आईकडे बघितलं. आईनं टॅक्सीवाल्याकडे बघून मान किंचित हलवली. टॅक्सीवाला खिडकीतून म्हणाला, "साहेब, तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा. मी ढकलतो."

बंपरला बंपर लागला. जावई फूटबोर्डवर लटकले, नवरीनं त्यांची कॉलर घट्ट धरली आणि वरात उलटी माथ्यावर पोचली. अधिकारी कुलूप लावत होते. त्यांनी घामाघूम नवरा बघितला, उलटी गाडी बघितली आणि कुलूप पुन्हा काढलं. सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून सही करताना दंतवैद्यांचे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर ते स्वतःच म्हणाले, "आता तुम्ही टॅक्सीनं जा. पुरे झाला माझा हट्ट."

"उतारावर पेट्रोल येतं ना आपोआप?" नवरीनं विचारलं आणि ती नवऱ्याला ओढून जुन्या गाडीत बसली. दंतवैद्य लगबगीनं गाडीच्या पुढे गेले. त्यांनी जोरात हँडल मारलं.

उतारावर गाडी झोकात निघाली. पुढच्या सीटवरून आईनं हात बाहेर काढून मागच्या मागे काहीतरी खूण केली. जावयांनी वळून बघितलं.

"मघाचीच पांढरी टॅक्सी अजून मागे आहे," ते हळूच म्हणाले. "आणि गल्लीत तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा बाबांनी फेरी मारून आणलं, तेव्हाही हीच..."

नवरीनं त्यांना जोरात चिमटा काढला. "आई दर वेळी सांगून ठेवते," ती कानात कुजबुजली. "बाबांना साबणाच्या वड्या ओळखू येत नाहीत. खबरदार बोललास तर."

"काय म्हणताय, जावईबापू?" दंतवैद्यांनी पुढून विचारलं.

जावयांनी एकदा सासूबाईंच्या ताठ पाठीकडे बघितलं. "काही नाही बाबा. एक टॅक्सी मागे लागलीय."

"लागू दे हो!" दंतवैद्य खूश होऊन म्हणाले. "ही गाडी रस्त्यावर आली की कोणी ना कोणी मागे लागतंच. रोज वेगळा माणूस!"

"लागणारच," जावई म्हणाले. "गाडीच तशी आहे."

सासूबाईंनी मागे वळून जावयाकडे बघितलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.