एका दिव्याला तीन जागा

भाईदासच्या घरात वीज येणार होती, पण ती एकाच दिव्यापुरती. घरमालकाच्या जोडणीतून एक तार ओढायची परवानगी मिळाली होती आणि विजेच्या कंपनीचा तपासनीस दुपारी तीन वाजता काम पाहायला येणार होता. तोवर दिवा बसला नाही, तर परवानगी तीन महिने पुढे. १९३८ सालच्या धुळ्यात तपासनीस चुकणे हे आगगाडी चुकण्यापेक्षा वाईट होते. गाडी निदान दुसऱ्या दिवशी यायची.

दिवा कुठे लावायचा, यावर महिनाभर एकमत नव्हते. भाईदास कचेरीत कारकून. त्याला दिवा बैठकीत हवा होता, कारण तो पाहायला त्याने कचेरीतल्या चौघांना संध्याकाळी बोलावून ठेवले होते. त्याच्या आईला, ताईबाईला, तो देव्हाऱ्यापुढे हवा होता. बायकोला, कमलबाईला, तो स्वयंपाकघरात हवा होता. तिची सातवीची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. पास झाली तर मुलींच्या शाळेत मास्तरीण होता येणार होते. पण चुलीजवळ चिमणीच्या धुरात वाचताना तिच्या डोळ्यांना धारा लागत. तिने हे एकदाच सांगितले.

"स्वयंपाकघरात? तुला काय भाकरी दिसत नाही?" भाईदास म्हणाला आणि दिवा परत बैठकीत गेला.

त्या दिवशी सकाळीच ताईबाईने हुकूम सोडला, "लक्ष्मी घरमा येई ऱ्हायनी. बठ्ठं घर सारवी टाक!" कमलबाईने पदर खोचला आणि सगळे घर सारवायला शेणाचे घमेले उचलले.

सव्वाअकराला नासीरमिया शिडी घेऊन आला. भुसावळच्या रेल्वेत वीस वर्षे तारा ओढलेला माणूस. त्याने आधी मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला, वर रुमाल कोंबला आणि बैठकीच्या दारात थबकला.

"भाऊ, जमीन ओली शे."

"सारवलीय. शुभ असतं."

"असंल. ओल्यावर मी शिडी लावत नाही."

"अहो, फ्यूज तुमच्याच खिशात आहे ना?"

"माझ्या उस्तादाच्याबी खिशातच होता. कुणीतरी दुसरा लावला. नंतर उस्तादाच्या एका हाताला तीनच बोटं."

भाईदासने खिडक्या उघडल्या. पौषातली थंडी आत आली, ओल तिथेच राहिली. मग तो सूप घेऊन जमिनीला वारा घालू लागला. एक वाजता नासीरमियाने अंगठा टेकवून पाहिला. तलाठ्याच्या कागदावर उठावा तसा स्वच्छ ठसा उठला.

"सारवलंय मोठं झकास," तो म्हणाला. "हे उद्यापर्यंत वाळत नाही."

देव्हाऱ्याच्या खोलीत मात्र फरशी होती, कोरडी ठणठणीत. नासीरमिया तिकडे वळला, तोच ताईबाई उंबऱ्यात आडवी आली.

"जोडा काढ."

"अक्का, जोडा रबरी शे. तो काढला तर मी शिडी चढत नाही."

"देवनापुढे जोडा घालीसन उभा ऱ्हाशी? मी मरी जासू, पण नही!" मग तिची नजर त्याच्या हातातल्या बल्बवर गेली. "आन् याना तोंड कोठे शे? दक्षिणले नको."

"याचं तोंड खाली, अक्का."

"खाले? पाताळले दिवा दावस का रे?"

सव्वादोन झाले. भाईदासने पुन्हा सूप उचलले. आता तो स्वतःलाच वारा घालत होता. तेव्हा कमलबाई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"इथली जमीन कोरडी आहे. शेण पुरलं नाही. जोडा घालून या, भाऊ, मी नंतर सारवून घेईन."

नासीरमियाने आत जाऊन अंगठा टेकवला. ठसा नाही. भाईदासने एकदा बैठकीकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे, आणि शिडी धरली.

तुळईला लाकडी ठोकळा बसला, तारा जोडल्या, उघडी टोके नीट झाकली गेली आणि तीनला पाच कमी असताना बल्ब लटकला. तपासनीस वेळेवर आला. फ्यूज खिशातून जागेवर गेला, मेन चालू झाला, बटण दाबले आणि चुलीमागच्या भिंतीवरची काजळी पहिल्यांदाच सगळ्यांना दिसली. तपासनीसाने सही केली.

संध्याकाळी कचेरीतले चौघे अंधाऱ्या बैठकीतून चाचपडत येऊन चुलीभोवती पाटांवर बसले.

"भाईदास, बैठकीत चुलीची सोय केलीस, हे उत्तम," त्यांच्यातला धनसिंग म्हणाला.

ताईबाईने देव्हारा स्वतः उचलून स्वयंपाकघरात आणला होता. "तोंड खाले शे खरं," ती वर पाहत म्हणाली, "पण मना देव बी खालेच बठेल शे."

पाहुणे गेल्यावर भाईदासने अक्षरे किती दिसतात हे पाहायला कमलबाईचे विज्ञानाचे पुस्तक उघडले. ते आपोआप एका पानावर उघडले. 'ओल्या जमिनीवर उभे राहून विजेचे काम करू नये.' वाक्याशेजारी शेणाचा वाळलेला ठसा होता. एका अंगठ्याचा.

भाईदासने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला; ठसा लहान होता.

"शेण किती कमी पडलं होतं?"

"स्वयंपाकघरापुरतं," कमलबाई म्हणाली.

भाईदासने पुस्तक तिच्या हातात दिले. "पास होशील तू."

"होईन. जरा सरका, सावली पडतेय."